मिनिटाला किती पानं? आधी घड्याळ कधी सुरू केलं ते विचारा

प्रिंटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४० पीपीएम’ छापलेलं असतं, म्हणजे मिनिटाला ४० पानं. या हिशेबाने तीन पानांचं पत्र साडेचार सेकंदांत हातात पडायला हवं. प्रत्यक्षात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. यात प्रिंटर बिघडलेला नसतो आणि खोक्यावरचा आकडाही खोटा नसतो. घड्याळ कुठे सुरू केलं, कुठे थांबवलं आणि पान कशाला म्हटलं, यावर सगळं अवलंबून असतं.

‘पान’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण मराठीत तो दोन्हीकडून बोलतो. ‘पान उलटा’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात अख्खा कागद असतो आणि ‘पान ५२ काढा’ म्हणतो तेव्हा कागदाची एक बाजू. बाजूसाठी ‘पृष्ठ’ हा नेमका शब्द आहे, पण बोलताना तो कोण वापरतो? यंत्रांच्या माहितीपत्रकांतही हाच घोळ आहे. तिथे पीपीएमच्या जोडीला आयपीएम दिसतं, म्हणजे मिनिटाला किती प्रतिमा, थोडक्यात किती बाजू. एखाद्या स्कॅनरवर ‘४० पीपीएम / ८० आयपीएम’ लिहिलेलं असतं, तेव्हा तो मिनिटाला ४० कागद ओढतो आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत टिपत असल्यामुळे प्रतिमा ८० होतात. पाठपोट छापणाऱ्या प्रिंटरचं तसं नाही. ‘पाठपोट ३४ आयपीएम’ म्हणजे मिनिटाला १७ कागद. हे वाचताना चुकलं की कागदाचा आणि वेळेचा अंदाज थेट दुपटीने चुकतो.

छापखान्यात हा गोंधळ फारसा होत नाही, कारण तिथे कोणी पानं मोजत नाही. ऑफसेट यंत्राचा वेग तासाला किती ताव यात सांगतात. आधुनिक शीटफेड यंत्रं, म्हणजे सुटे ताव ओढणारी, तासाला १८,००० ताव आणि काही त्याहूनही जास्त छापतात आणि एका तावावर आठ-आठ, सोळा-सोळा पानं बसवून नंतर घडी घालतात. म्हणून पुस्तकाचा हिशेब फर्म्यांत होतो. ‘साडेबारा फर्म्यांचं पुस्तक’ म्हटलं की सोळापानी फर्म्याने २०० पानं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

घरा-कार्यालयातल्या यंत्रांची मापं मात्र यंत्रागणिक बदलत आली. ठिपक्यांचे प्रिंटर एकेक अक्षर ठोकायचे, म्हणून त्यांचा वेग सेकंदाला किती अक्षरं असा सांगत. १९५९ सालचा आयबीएम १४०३ अख्खी ओळ एकदम छापायचा आणि त्याचा वेग मिनिटाला ६०० ओळी असा सांगितला जाई. त्याच वर्षी आलेल्या झेरॉक्स ९१४ या कॉपी यंत्राचा वेग होता मिनिटाला ७ प्रती. १९८४ च्या पहिल्या एचपी लेझरजेटचा, मिनिटाला ८ पानं. यंत्र एका दमात जेवढं छापतं तेच त्याचं एकक झालं. लेझर प्रिंटर पान सुरू झाल्यावर मध्येच थांबू शकत नाही, म्हणून त्याचं माप पान.

लेझर प्रिंटरमधला आकडा येतो कुठून

लेझर प्रिंटरमध्ये कागद ठरावीक वेगाने सरकतो. ड्रम, पट्टा आणि टोनर (शाईची पूड) तापवून कागदाला चिकटवणारा फ्यूजर सगळे त्याच वेगाने फिरतात. मिनिटाला ४० पानं म्हणजे एका पानाला दीड सेकंद. ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. दोन कागदांमध्ये समजा ५० मिलिमीटर फट सोडली, तर दीड सेकंदात ३४७ मिलिमीटर सरकावे लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण २३१ मिलिमीटर. आता याच यंत्रात अमेरिकन लेटर मापाचा कागद घाला. तो २७९ मिलिमीटर लांब. फट धरून ३२९ मिलिमीटर झाले, त्याला १.४२ सेकंद पुरतात, आणि वेग निघतो मिनिटाला ४२ पानं. कित्येक प्रिंटरांवर ‘ए४ : ४० पीपीएम, लेटर : ४२ पीपीएम’ असे दोन आकडे असतात ते यामुळे. यंत्र तेच असतं, फक्त कागद जरा आखूड.

यावरून कोणी म्हणेल, मग ए५ कागद दुप्पट वेगाने निघायला हवा. बहुतेक लहान प्रिंटरांत उलट घडतं. फ्यूजर हा तापलेला रोलर किंवा फिल्म असते. कागद तिच्यावरून जाताना उष्णता घेऊन जातो आणि त्या हिशेबाने हीटर चालू राहतो. अरुंद कागद मधूनच जातो. दोन्ही टोकांची उष्णता न्यायला कोणी नसतं, ती टोकं तापत जातात. तापमानाचा सेन्सर ते ओळखतो आणि यंत्र दोन कागदांमधली फट वाढवतं. पाकिटं आणि चिंचोळी लेबलं छापताना पहिली दहा झटपट निघतात आणि मग प्रिंटर दम खात चालल्यासारखा वाटतो, तो हाच प्रकार. त्याला विश्रांती दिली की वेग परत येतो.

जाड कागदाची गोष्ट वेगळी. त्याला टोनर चिकटवायला जास्त उष्णता लागते, म्हणून यंत्र सगळाच वेग कमी करतं, पुष्कळदा निम्मा. इथे एक नेहमीची चूक होते. कोणीतरी एकदा जाड कागदावर प्रमाणपत्रं छापतं, सेटिंग ‘जाड’ वर तसंच राहतं आणि पुढे कित्येक दिवस साधा कागदही रेंगाळत निघतो. प्रिंटर मंदावल्याची तक्रार असेल तर सर्वांत आधी कागदाचा प्रकार बघा. त्यानंतर ‘शांत मोड’ चालू आहे का ते बघा.

पाठपोट छापताना कागद पहिली बाजू छापून बाहेर डोकावतो, शेपूट आतच धरलेली असते, आणि तिथूनच त्याला मागे ओढून उलट्या बाजूने पुन्हा आत घेतात. हा फेरा मोठा असतो. स्वस्त यंत्रं एका वेळी एकच कागद फिरवतात, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. महाग यंत्रांत एक कागद वळत असतानाच दुसरा छापला जातो, म्हणून तिथे घट फार जाणवत नाही.

दोन फेऱ्यांची युक्ती

आता मोजणी. एकदाच छापून वेळ मोजली आणि पानांनी भागलं तर हाती येणाऱ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे सुरुवातीचा ठरावीक वेळ : संगणकाने पान तयार करणं, ते पाठवणं, फ्यूजर तापणं, पहिला कागद आतून पूर्ण फिरून येणं. दुसरी म्हणजे पुढच्या प्रत्येक पानाला लागणारा वेळ. त्या सुट्या करायला दोन फेऱ्या पुरतात.

प्रिंटर चालू करून एक पान छापून घ्या, म्हणजे तो जागा होईल. मग २० पानांची फाइल छापायला द्या. बटण दाबताच घड्याळ सुरू आणि शेवटचा कागद ट्रेमध्ये पूर्ण पडला की बंद. मग तशाच मजकुराची ६० पानांची फाइल. समजा पहिल्या फेरीला ५२ सेकंद लागले आणि दुसरीला १३२. जास्तीच्या ४० पानांना ८० सेकंद गेले, म्हणजे पानाला २ सेकंद, म्हणजेच मिनिटाला ३० पानं. हा यंत्राचा खरा चालता वेग. २० पानांचे यावरून ४० सेकंद होतात आणि लागले ५२, म्हणजे १२ सेकंद सुरुवातीचे.

आता या दोन आकड्यांवरून काय दिसतं पाहा. एक पान छापायला १४ सेकंद, त्या हिशेबाने वेग मिनिटाला जेमतेम ४ पानं. पाच पानांना २२ सेकंद, वेग साडेतेरा. शंभर पानांना २१२ सेकंद, वेग २८. एकाच यंत्राचे हे सगळे वेग आहेत आणि प्रत्येक बरोबर आहे. दिवसभर एकेक-दोनदोन पानं छापणाऱ्याने मिनिटाचा आकडा न बघता पहिलं पान किती सेकंदांत येतं ते बघावं. माहितीपत्रकात ते वेगळं दिलेलं असतं. फक्त तो आकडा यंत्र तयार असतानाचा आहे की झोपेतून उठल्यावरचा, हे तारांकित टिपेत वाचावं लागतं. फ्यूजर थंड असेल तर फरक मोठा पडतो.

प्रत्येक फेरी तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. आणि एक खबरदारी : २० पानांची फाइल आणि एका पानाच्या २० प्रती हे दोन वेगळे प्रयोग आहेत. प्रतींमध्ये प्रिंटर पान एकदाच तयार करतो आणि स्मृतीतून वीसदा काढतो. फाइलमध्ये दर वेळी नवं पान. दोष शोधायला हा फरक फार उपयोगी पडतो. प्रती भराभर निघतात पण फाइल अडखळत निघते, तर यंत्राचे रोलर ठीक आहेत, अडचण पान तयार करण्यात किंवा पाठवण्यात आहे. प्रतीही हळूच निघत असतील तर अडचण यंत्रात किंवा कागदाच्या सेटिंगमध्ये.

पान तयार करणं हे काम दिसत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, ए४ पानावर ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके येतात. काळ्या-पांढऱ्यात हा साडेचार मेगाबाइटच्या आतला मामला, पण चार रंग आणि प्रत्येक ठिपक्याला २५६ छटा धरल्या तर एक पान १३९ मेगाबाइटचं होतं. साधं अक्षरांचं पान ‘इथे हा मजकूर, या टाइपात’ अशा सूचनांनी पाठवता येतं आणि ठिपके प्रिंटर स्वतः पाडतो. पण पीडीएफ छापताना ‘प्रतिमा म्हणून छापा’ हा पर्याय चालू राहिला, तर संगणक प्रत्येक पानाचं चित्र करून पाठवतो. दोन पानांच्या मध्ये दिवा लुकलुकत प्रिंटर थांबतो आहे असं दिसलं की आधी हा पर्याय बंद करा. वायफाय क्षीण असेल तर एकदा केबलने छापून तुलना करा. ड्रायव्हर बदलूनही, म्हणजे प्रिंटरला पान समजावण्याच्या भाषांपैकी पोस्टस्क्रिप्टऐवजी पीसीएल घेऊन, कधी कधी गाडी सुटते.

मानक आणि शाईचे प्रिंटर

पूर्वी शाईच्या प्रिंटरांचे आकडे विशेष फुगलेले असत. सर्वांत फिक्या, ‘ड्राफ्ट’ छपाईचा वेग खोक्यावर यायचा आणि प्रत्येक कंपनीचं चाचणीचं पान वेगळं. २००९ मध्ये आयएसओ/आयईसी २४७३४ हे मानक आलं. त्यात वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ अशा तीन प्रकारच्या चार-चार पानी फाइली ठरवून दिल्या आणि सेटिंग मूळ ठेवायचं असा नियम घातला. एकदा एकच संच छापायचा, मग सुमारे ३० सेकंद पुरतील इतके, मग ४ मिनिटं पुरतील इतके. यातून सुरुवातीचा वेळ धरून वेग काढतात आणि तो वगळून चालता वेगही काढतात. जाहिरातीत येतो तो बहुधा दुसरा, तिन्ही फाइलींची सरासरी काढून. वरची दोन फेऱ्यांची युक्ती ही याचीच घरगुती आवृत्ती म्हणा. पहिल्या पानाच्या वेळेसाठी आयएसओ/आयईसी १७६२९ हे वेगळं मानक आहे. म्हणून दोन यंत्रं तुलनेला घेताना एकाचा आकडा मानकाचा आणि दुसऱ्याचा ‘कमाल’ असेल तर ती तुलना सोडून द्यावी.

शाईच्या प्रिंटरचा वेग पानावर काय आहे यावर ठरतो, हा लेझरपेक्षा मोठा फरक. छापणारं डोकं आडवं फिरत पट्टे मारत जातं. पट्टा १२.७ मिलिमीटर रुंद असेल तर ए४ पानाला सुमारे २३ पट्टे. पट्ट्याला अर्धा सेकंद धरला तर पान बारा सेकंदांत. चांगल्या प्रतीसाठी त्याच जागेवरून चारदा फिरायचं ठरलं तर तेच पान पाऊण मिनिट खातं. शिवाय कोरी जागा डोकं उडी मारून ओलांडतं, म्हणून चार ओळींचं पत्र चटकन निघतं आणि फोटो रेंगाळतो. लेझरच्या यंत्रणेला पान भरलेलं की रिकामं याने फरक पडत नाही.

स्कॅनरचं गणित माणसाकडे येऊन अडतं

स्कॅनरच्या वेगात पहिला प्रश्न : किती डीपीआयला? जाहिरातीतला आकडा बहुधा २०० किंवा ३०० चा असतो. ३०० डीपीआयला ए४ पानाच्या उभ्या लांबीत ३,५०८ रेषा टिपाव्या लागतात. मिनिटाला ४० पानांच्या वेगात त्यासाठी दीड सेकंदही मिळत नाही, म्हणजे सेकंदाला अडीच हजार रेषा. सीआयएस प्रकारच्या स्कॅनरमध्ये रंगीत रेषेसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकामागून एक लागतात. म्हणून काही यंत्रं करड्या छटांत वेगाने आणि रंगात सावकाश चालतात. ६०० डीपीआय मागितलं की रेषा दुप्पट होतात आणि कागद हळू ओढावा लागतो. छापील मजकुरातली अक्षरं ओळखून घ्यायची असतील तर ३०० पुरतं. सरसकट ६०० लावून ठेवणं हे वेळ घालवण्याचं सर्वांत सोपं साधन.

नंतर डेटा. ३०० डीपीआयचं रंगीत पान कच्च्या रूपात २६ मेगाबाइट. मिनिटाला ८० बाजू म्हणजे सेकंदाला ३५ मेगाबाइट. यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट नेतं, प्रत्यक्षात तीस-चाळीस. म्हणजे तार आधीच काठोकाठ भरली. म्हणून बरेच स्कॅनर आतच प्रतिमा आवळून मग पाठवतात. संगणकावर त्याच वेळी अक्षरओळख चालू ठेवली तर कागद ओढणं मध्येच थांबतं. आधी सगळं स्कॅन करून अक्षरओळख रात्रभर लावून द्यावी, हे जास्त शहाणपणाचं.

पण खरा वेळ जातो तो यंत्राच्या बाहेर. ५० कागदांचा गठ्ठा घ्या. मिनिटाला ४० या वेगाने तो ७५ सेकंदांत निघतो. नवा गठ्ठा एकसारखा करून, कडा झटकून ट्रेमध्ये लावायला २५ सेकंद धरा. झाले १००, वेग आला तीसवर. आता हे कागद फायलीतले असतील, पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे. कागदामागे ३ सेकंद धरले तरी आणखी १५० सेकंद. एकूण २५०, आणि वेग मिनिटाला १२ कागद. दुप्पट वेगाचा, ८० पीपीएमचा स्कॅनर आणला तर ७५ चे साडेसदतीस सेकंद होतील आणि एकूण वेग १४ वर जाईल. त्यापेक्षा पिना काढायला दुसरा माणूस बसवला तर तेच जुनं यंत्र मिनिटाला २० कागद काढेल, कारण पिना काढणं आणि स्कॅन करणं दोन्ही एकाच वेळी चालू राहतील. पिना काढणाऱ्याला गठ्ठ्यामागे १५० सेकंद लागतात, तोवर यंत्राचे १०० संपलेले असतात.

दोन कागद एकदम ओढले जाणं हा वेगाचा मोठा शत्रू. चांगल्या स्कॅनरमध्ये अल्ट्रासाउंडचा सेन्सर असतो. दोन कागदांमध्ये हवेचा थर असला की ध्वनी क्षीण पोहोचतो आणि यंत्र थांबतं. चिकटवलेली पावती किंवा पाकीट यांनाही तो ‘दोन कागद’ समजतो, अशा पानापुरता तो बंद करावा. रोलरवर कागदाची धूळ बसली की कागद अडकण्याच्या आधीच वेग पडू लागतो, कारण रोलर घसरतो, सेन्सरपर्यंत कागद वेळेत येत नाही आणि यंत्र पुन्हा ओढायचा प्रयत्न करतं. कान देऊन ऐकलं तर ‘खर्र’ असा दोनदा आवाज येतो. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर पुसला की बहुतेकदा काम भागतं. पाठकोरे कागद एकदा फ्यूजरमधून गेल्यामुळे किंचित वळलेले असतात. ते स्कॅनरमध्ये किंवा परत प्रिंटरमध्ये घालताना गठ्ठा उलटा वाकवून सपाट करून घ्यावा.

स्कॅनचा वेग मोजताना कागद मोजा, तयार झालेल्या प्रतिमा नकोत. ‘कोरी पानं गाळा’ हा पर्याय चालू असेल तर प्रतिमा कमी भरतात आणि वेग उगाच पडलेला दिसतो. पुन्हा स्कॅन करावे लागलेले कागद एकदाच मोजायचे, पण त्यांचा वेळ मात्र पूर्ण धरायचा.

आणि वाचणारा

वाचनाचा वेग पानांत मोजणं सर्वांत फसवं, कारण टाइप आणि समास बदलला की पानावरचे शब्द दुपटीने बदलतात. म्हणून मिनिटाला शब्द मोजतात. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली इंग्रजीची सरासरी अशी : मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचताना मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरी २६०, मोठ्याने वाचताना १८३. डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, दर थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो आणि अधूनमधून मागेही जातो.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. ‘त्यांच्याकडूनसुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीला त्यासाठी तीन लागतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब आणि संख्येने कमी. तोच आशय तेवढ्याच वेळात वाचूनही मराठी वाचक आकड्यात हळू दिसेल. म्हणून मराठीत स्वतःचं माप स्वतः काढावं. आधी न वाचलेला मजकूर घ्या, दहा मिनिटं नेहमीच्या चालीने वाचा, थांबलात तिथे खूण करा. दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि वाचलेल्या ओळींच्या संख्येने गुणून दहा मिनिटांनी भागा. मजकुरावर पाच प्रश्न दुसऱ्या कोणाकडून आधीच काढून घ्या. उत्तरं चुकली तर तो वेग चाळण्याचा धरा, आणि मजकूर बदलून पुन्हा मोजा.

भाषणाची किंवा निवेदनाची संहिता बसवायची असेल तर मनातल्या वेगाचा काही उपयोग नाही. त्याच संहितेची दोन मिनिटं मोठ्याने वाचा, विराम जिथे घ्यायचे तिथे घेऊन, आणि त्या मापाने उरलेली पानं मोजा.